उंदीर खाणाऱ्यांची पोर

चिसांगा, कासामाच्या वरच्या अंगाला
६ ऑगस्ट १९९६

प्रिय आजोबांस,
प्रभूमध्ये सलाम.

लुसाकाहून निघताना तुम्हाला खुशालीचं पत्र लिहीन म्हणाले होते. पण हे काही खुशालीचं पत्र नाही. हे वाचून झालं की बाबांना लिहा, आणि मला परत बोलावून घ्यायला सांगा. मी स्वतः लिहिलं तर ते म्हणतील, एका आठवड्यात दमलीस? तुम्ही लिहिलंत तर ऐकतील.

आमच्या चर्चच्या मंडळीची ही युवक-तुकडी सहा आठवड्यांसाठी आली आहे, हे तुम्हाला माहीत आहेच. दिवसा विटा पाडायच्या, कारण इथे मास्तरासाठी घर नाही आणि घर नाही म्हणून कोणी मास्तर टिकत नाही. संध्याकाळी चौकात प्रार्थनासभा. आम्ही सहा जण आहोत. भाऊ सितुंबेको आमचा प्रमुख. मला एका म्हाताऱ्या जोडप्याच्या घरी ठेवलंय. म्हाताऱ्याचं नाव कासोंदे, आणि त्याच्या बायकोला सगळे बाना-चोला म्हणतात, म्हणजे चोलाची आई. चोला लहानपणीच गेली, नाव तेवढं आईला चिकटून राहिलं.

पहिल्याच संध्याकाळी सगळ्यांनी उभं राहून आपापली ओळख करून दिली. बाकीच्यांचं ह्या बेंबा गावानं टाळ्या वाजवून स्वागत केलं. मी म्हटलं, मी लुसुंगू शावा, लहानपण बोत्स्वानात गेलं, पण मूळची चिपाटाची, जमातीनं अंगोनी. अंगोनी म्हटल्याबरोबर अख्खं गाव फसकन हसलं. हा कासोंदे म्हातारा काठी टेकत उठला आणि बायकोला ओरडून म्हणाला, "ऐकलंस? मांजर देऊन टाक कोणाला तरी. अंगोनी आलीये, आता उंदरांचा प्रश्न मिटला."

मला वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलेलं असेल. पण तसं नाही, सगळेच बोलतात. विहिरीवर बायका बादल्या लपवतात, म्हणे अंगोनी लुटारू असतात. म्हातारा पाणी मागतो, मी रीतीप्रमाणे गुडघे टेकून देते, तर म्हणतो, असंच राहा, तुमच्या लोकांना हरवल्यापासून कोणी इतकं छान वाकलं नव्हतं. काल सभेत मी माझ्या विश्वासाची साक्ष द्यायला उभी राहिले. रात्रभर तयारी केली होती. "देवानं मला तुमच्याकडे पाठवलं," एवढंच म्हणाले, तर हा मागून विचारतो, "का गं, स्वर्गातले उंदीर संपले का?" मी झोपडीत जाऊन रडले.

भाऊ सितुंबेको म्हणतो की हा शुभवर्तमानाला विरोध आहे आणि आपण तो प्रेमानं सोसायचा. त्यानं तसं लुसाकाला कळवलंसुद्धा. पण आजोबा, विरोध असता तर सगळ्यांना झाला असता. हे फक्त माझ्याशीच असं वागतात. मी कोणाचं काय वाईट केलंय? मी तर जन्मात कधी उंदीर खाल्लेला नाही. मी इथे सेवा करायला आले, आणि माझा उपयोग काय, तर गावाला फुकट करमणूक.

बाबांना लिहाल ना?

तुमची,
लुसुंगू


चिपाटा
१३ ऑगस्ट १९९६

चि. लुसुंगू हिस आजोबांचे आशीर्वाद.

तुझं पत्र लुसाकाच्या गाडीवरच्या पोरानं हातात आणून दिलं. अजून चार ड्रायव्हर मला ओळखतात, टपालाच्या भरवशावर राहायची वेळ नाही आली. पत्र वाचून मी इतका हसलो की शेजारीण पाणी घेऊन धावत आली. रागावू नकोस. हसून झाल्यावर वाईटही वाटलं, पण तुझ्यासाठी नाही. तुझ्या बापासाठी. पोरीला गणित शिकवलं, इंग्रजी शिकवलं, आणि ती कोण आहे हे सांगायचं राहून गेलं.

ऐक. बेंबा आणि आपण अंगोनी फार पूर्वी एकमेकांशी लढलो. जिंकलो आम्ही. ते म्हणतात ते जिंकले, त्यांनी तसं म्हणायचंच. मारामारी संपल्यावर दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांनी ठरवलं की आता भाल्यानं नको, तोंडानं लढू. तेव्हापासून आपलं थट्टेचं नातं आहे. बेंबानं अंगोन्याला काहीही बोलावं, अंगोन्यानं उलट बोलावं, राग धरायचा नाही. राग धरला तो हरला. म्हणजे तू सध्या हरते आहेस. त्या गावानं तुझ्या सोबत्यांसाठी टाळ्या वाजवल्या, कारण ते पाहुणे आहेत. तुला शिव्या घातल्या, कारण तू घरची आहेस.

तो कासोंदे बिचारा काय करत असेल माहीत आहे का? कित्येक वर्षांनी दारात अंगोनी आली म्हणून हरखलेला म्हातारा रोज नवीन काहीतरी जुळवून बोलतो, आणि समोरची पोर मुळूमुळू रडते. केवढा हिरमोड होत असेल त्याचा.

तर आता गुडघे टेकणं बंद. पाणी मागितलं तर म्हण, माझे आजोबा तुमच्या आजोबांचे धनी होते, पाणी तुम्ही आणा. उंदराचं काढलं की माकडाचं काढ. बेंबा माकडं खातात. खात नसले तरी खातात. त्याला सांग की आमच्या भाल्यांना भिऊन तुमचे लोक झाडावर चढले, तिथे माकडं भेटली, तेव्हापासून खाताहेत. आणि ताटातल्या माकडाकडे नीट बघून घ्या म्हणावं, जवळचा नातेवाईक असायचा.

तुझ्या बापाला मी काहीही लिहिणार नाही. परत यायचं नाव काढू नकोस. ह्या नात्याची आणखी एक बाजू आहे, पण ती मी आज सांगत नाही. आधी ही शीक.

तुझा आजोबा,
लाबानी शावा


चिसांगा
२४ ऑगस्ट १९९६

प्रिय आजोबा,
सलाम.

जिंकले!

तुमचं पत्र मी चार वेळा वाचलं आणि पाठ केलं, साक्षीसुद्धा इतकी पाठ केली नव्हती. त्याच संध्याकाळी सभेत गीत संपल्यावर म्हाताऱ्यानं सुरुवात केली की आज चौकात उंदीर दिसत नाहीत, कोणी खाल्ले असावेत बरं. मी उठले. झाडावर चढलेल्या बेंबांची गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितली, आणि शेवटी ताटातल्या नातेवाइकाची. सगळे वळून म्हाताऱ्याकडे बघायला लागले. मला वाटलं, संपलं, आता हाकलून देणार. मग बाना-चोलानं अशी काही किंकाळी मारली हसून की कोंबड्या उडाल्या. म्हातारा स्टुलावरून खाली पडला, आजोबा, खरोखर पडला, आणि जमिनीवर बसूनच हात जोडून म्हणाला, "आली रे आली, माझी अंगोनी आली. मला वाटलं होतं मुकीच पाठवली."

तेव्हापासून स्टूल माझं झालंय. तो चटईवर बसतो आणि म्हणतो, लुटारूंनी शेवटी हे पण लुटलं. विहिरीवर बायका माझी बादली आधी भरतात आणि वर बोलतात. आम्ही पाडलेल्या विटा बघायला तो आंब्याखाली येऊन बसतो, विचारतो, ह्या विटा आहेत की भाकऱ्या? मी म्हणते, माकडांच्या घराला पुरेत. सकाळी उठल्यावर मला आधी त्याचाच आवाज ऐकावासा वाटतो. बोत्स्वानात शेजारी चांगले होते, पण आम्हाला कोणी कधी असं आपलं म्हटलं नव्हतं. मी परदेशीच होते तिथे. हे मला इथे येऊन कळलं.

भाऊ सितुंबेको मात्र नाराज आहे. म्हणतो, आपण साक्ष द्यायला आलो की भांडायला? मी त्याला तुमचं पत्र दाखवलं. तो म्हणाला, रूढी असतील, पण शिव्यांनी कोणाचं तारण झाल्याचं त्याच्या वाचनात नाही. त्याचंही चुकत नाही. सभेला गर्दी दुप्पट होते आता, पण ती वचन ऐकायला येते असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. म्हातारा हल्ली सारखा खोकतो. विटा पाडतो तिथे मी बोलायला लागले की नेमका तेव्हाच खोकतो, म्हणजे माझं उत्तर कोणाला ऐकू जात नाही. मी म्हटलं, हरायला लागले की नाटक सुरू. तो मान डोलावून हसला. पण परवा त्यानं एकदम विचारलं, "माझ्या मातीला असशील ना गं?" मी म्हटलं, असेन की, नाचायला येईन. मला वाटलं उलट काहीतरी बोलेल. तो नुसता बघत बसला, एखादं मोठं काम मार्गी लागल्यासारखा. बाना-चोलानं पदरानं डोळे पुसले, म्हणाली धूर जातोय. चूल तर विझलेली होती. मी काही चुकीचं बोलले का?

आणि ह्यावरून मला आजीच्या मातीची आठवण आली. मी आठ वर्षांची असेन. एक वेडा माणूस आजीचं कापड नेसून, तिचा रुमाल डोक्याला बांधून तिच्या शवपेटीवर बसला होता, आठवतं? उठेचना. सगळे त्याला बघून हसत होते, तुम्हीसुद्धा. मी तुम्हाला त्या हसण्याबद्दल कधी माफ केलं नव्हतं. तो कोण होता?

तुमची जिंकलेली,
लुसुंगू


चिपाटा
३० ऑगस्ट १९९६

बाळ लुसुंगू,

घाईनं लिहितोय, गाडी उभी आहे.

तो खोकला नाटकाचा नाही. म्हाताऱ्यानं तुला विचारलं ते सरळ अर्थानं विचारलं, आणि तू हो म्हणालीस. आता ते बदलता येत नाही. म्हणून दुसरी बाजू आजच सांगतो.

तो वेडा माणूस म्हणजे चिलुफ्या. मी बस चालवायचो तेव्हाचा माझ्या गाडीवरचा कंडक्टर, बेंबा. सबंध नोकरीत आम्ही एक दिवस एकमेकांशी धड बोललो नाही. तुझी आजी गेली तेव्हा मी भिंतीला टेकून बसलो. रडू येईना, घास उतरेना, कोणी काय बोलतंय ते कळेना. पाळकांनी प्रार्थना केली, बायकांनी आक्रोश केला, सगळं माझ्यावरून वाहून गेलं. मग चिलुफ्या आला. तुझ्या आजीचं कापड नेसून, तिच्यासारखा एक हात कमरेवर ठेवून, पेटीवर बसला आणि तिच्या आवाजात ओरडला, "लाबानी, पाय पुसल्याशिवाय घरात आलास तर बघ!" ती मला रोज हेच म्हणायची. मी हसलो, आणि त्या हसण्यातच कुठेतरी रडू फुटलं. त्या संध्याकाळी मी जेवलो. त्यानं ते केलं नसतं तर मी तिच्यामागे गेलो असतो, हे मी तुला आज लिहून देतो.

घरच्यांना दुःख असतं, त्यांना हे करता येत नाही. परक्याला हक्क नसतो. म्हणून हे काम थट्टेच्या नात्यातल्या माणसाचं. मेलेल्याला तो थोडा वेळ परत आणतो आणि माती अडवून धरतो. काहीतरी मागणं मागायचं. ते मिळेपर्यंत हटायचं नाही.

गेल्या साली चिलुफ्या गेला. मी त्याच्या मातीला गेलो होतो. पेटी उचलणाऱ्यांना अडवून एकेकाकडे तिकीट मागितलं आणि म्हटलं, तिकिटाशिवाय हा माणूस माझ्या गाडीतून कुठेही जाणार नाही. त्याची बायको हसली. मला घरी येईपर्यंत रडू आवरलं नाही.

भिऊ नकोस. कासोंदेची वेळ आली की त्याचे कपडे घाल. बाकीचं आपोआप येतं.

आजोबा


चिसांगा
११ सप्टेंबर १९९६

प्रिय आजोबा,

तुमचं पत्र आलं त्याच दिवशी कासोंदे आजोबा गेले. पहाटे खोकले, पाणी मागितलं, बाना-चोलानं दिलं, आणि भांडं हातात असतानाच गेले. मी पत्र घेऊन विहिरीपाशी बसले होते तेव्हा गावच्या मंडळीतले वडीलधारे, मुताले वडील, मला शोधत आले. म्हणाले, पोरी, कासामात एक अंगोनी पोलीस होता, त्याची बदली झाली. आता आसपास अंगोनी तू एकटीच.

भाऊ सितुंबेको तिथेच होता. तो म्हणाला की आमची तुकडी गीतं म्हणेल, तो वचन वाचेल, लुसुंगूनं आमच्याबरोबर उभं राहावं, मातीच्या वेळी सोंग शोभत नाही. मुताले वडील त्याच्याशी फार आदरानं बोलले. "भाऊ, वचन तुम्ही वाचा, मीही वाचीन, वाचायला पुष्कळ जण आहेत. पण ती बाई सकाळपासून भिंतीला टेकून बसलीये. पाण्याचा थेंब घेतलेला नाही, डोळ्यांतून टिपूस नाही. माझ्या तोंडून थट्टा निघाली तर ते पाप होईल. हिच्या तोंडून निघाली तर औषध."

सितुंबेकोनं हातातलं पवित्र शास्त्र मिटलं. मग मलाच म्हणाला, मी तुझ्यासाठी प्रार्थना करतो, तू जा.

आधी मी बाना-चोलाला बघायला गेले. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि तिला मी दिसलेच नाही. तुम्ही भिंतीला टेकून बसल्याचं लिहिलं होतंत ना, तशीच. शेजारणी हळू आवाजात सांगत होत्या की हिची बहीण अशीच बसली होती आणि नवऱ्याच्या महिन्यातच गेली. मला फार भीती वाटली. नीट काही केलं नाही तर ही जाईल, आणि करायला दुसरं कोणी नाही, एवढंच डोक्यात होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेटी निघाली. मी त्यांचा खाकी कोट घातला, टोपी घातली, काठी घेतली, आणि वाटेच्या मधोमध माझ्या त्या स्टुलावर जाऊन बसले. मग मी खोकले. त्यांच्यासारखं, आधी दोन बारीक आणि मग एक मोठा, आणि शेवटी "अरे देवा". पेटी उचलणारे जागच्या जागी थांबले. कोणीतरी तोंडावर हात धरला. मी काठी आपटून म्हटलं, "कुठे नेताय मला? ह्या विटा आहेत की भाकऱ्या ते अजून ठरायचंय!" मागून एक बाई हसली, मग दुसरी. मी माझ्याच आवाजात म्हटलं की ह्या म्हाताऱ्यानं मला महिनाभर छळलं, आता उद्यापासून मला कोण छळणार? ह्याला मी पुरू देणार नाही. नुकसानभरपाई पाहिजे. मला भाजलेला उंदीर पाहिजे. बेंबांनी पकडलेला, बेंबांनी भाजलेला.

आजोबा, मागणं मीच मागितलं आणि मीच फसले. सगळं गाव उंदीर शोधायला पळालं. पेटी सावलीत टेकवली. मोठमोठे बाप्ये कणग्यांखाली आडवे पडून उंदीर पकडताहेत, एकमेकांना शिव्या घालताहेत, हे चालू असताना मी बाना-चोलाकडे बघत होते. ती दोघींच्या आधारानं उभी होती, तशीच कोरडी. शेवटी एक सापडला. भाजून, काडीला टोचून, पानावर मीठ घालून माझ्यापुढे आणला. शेपटीसकट.

मी तो हातात घेतला. सगळे बघत होते. मी डोळे मिटले, तोंडाजवळ नेला, परत लांब धरला. पुन्हा जवळ नेला. आणि एकदम बाना-चोलाचा आवाज आला, अगदी खणखणीत: "अगं बाई! हिनं उंदीर कधी खाल्लेलाच नाही!"

आणि ती हसली. पोट धरून खाली बसली. पेटीकडे हात करून ओरडली, "अहो, उठा, बघा तरी! महिनाभर तुम्ही हिला उंदीर खाणारी म्हणालात, आणि ही खोटी अंगोनी निघाली!" हसता हसताच तिचा आवाज चिरकला आणि ती रडायला लागली, आणि मग थांबेचना. मीही कोटात तोंड खुपसून रडले. कोटाला त्यांच्या तपकिरीचा वास होता.

थोड्या वेळानं ती माझ्यापाशी सरकली. म्हणाली, "खा. तू खाल्लास तर मीही खाईन." मी खाल्ला. अख्खा. ती समोर बसून माझं तोंड बघत होती. मग मी वाटेवरून उठले, पेटी पुढे गेली, सितुंबेकोनं वचन वाचलं, आणि इतक्या शांतपणे ते कोणी ऐकलेलं मी ह्या गावात पाहिलं नव्हतं. परत आल्यावर तिनं वाटीभर पेज प्यायली. मक्याच्या शिमाचे तीन घासही खाल्ले, माझ्या हातानं.

रात्री सितुंबेको म्हणाला की तो लुसाकाला दुसरं पत्र लिहिणार आहे, पहिल्यात गावाबद्दल चुकीचं गेलं. काय लिहायचं ते त्याला सुचत नव्हतं. मी म्हटलं, लिही की इथे रडणाऱ्यांबरोबर रडतातच, पण आधी त्यांना हसवतात.

परवा आम्ही निघतो. घराच्या भिंती छपरापर्यंत आल्यात, छप्पर गाव घालणार आहे. आणि आजोबा, त्या हसण्याबद्दल मी तुम्हाला माफ केलं. त्याबद्दल माफी मागायची तर मलाच मागावी लागेल, पण तुम्ही म्हणाल, राग धरला तो हरला.

तुमची नात,
लुसुंगू


चिसांगा
२ डिसेंबर १९९६

खोट्या अंगोनीला बाना-चोलाकडून.

हे पत्र नवा मास्तर लिहितोय. तो तुमच्या विटांच्या घरात राहतो. घर अजून पडलेलं नाही, कारण मागची भिंत आम्ही पाडून पुन्हा बांधली. त्याला सांगितलंय, लुटारूंनी बांधलेलं घर आहे, झोपताना भांडी मोजून झोप. तो हे लिहायला नको म्हणत होता. मी म्हटलं, लिही, ती घरची आहे.

तू पाठवलेलं कापड मिळालं. रंग भडक आहे. अंगोन्यांना रंग कळत नाहीत. मी ते दर रविवारी मंडळीत नेसते, म्हणजे लोकांना तुमची अक्कल दिसेल. सोबत वाळवलेल्या अळ्या पाठवतेय, टोपलीभर. तेलात कुरकुरीत कर. ही माणसांची खायची वस्तू आहे, शेपूट नसते.

स्टूल तुझंच आहे. त्यावर कोणाला बसू देत नाही. संध्याकाळी मी त्याच्याशी भांडते, त्यांच्याशी भांडायचे तसं. आता रडू येतं तेव्हा येतं आणि जातं. घास उतरतो. कोंबडीला नऊ पिल्लं झाली. एकाचं नाव तुझं ठेवलंय, जे सगळ्यात जास्त ओरडतं ते.

आता कामाचं ऐक. मुताले वडिलांना, मास्तराला, सगळ्या गावाला मी सांगून ठेवलंय, माझी वेळ आली की लुसुंगू शावा येईपर्यंत मला उचलायचं नाही. कितीही दिवस लागोत. त्यांनी कबूल केलंय. पण त्या दिवशी तू जशी डोळे मिटून खात होतीस, तसा उंदीर माझ्या मातीला खाल्लास तर चारचौघांत माझी शोभा होईल. त्यासाठी पुष्कळ सराव पाहिजे. मी थांबते.

तेव्हा यायची घाई करू नकोस. आधी उंदीर नीट खायला शीक.

बाना-चोला